फादर थॉमस स्टीफन्स : क्रूस आणि पुनरुत्थानाचे मराठी पुराणकार

घटक ४

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला :

• फादर थॉमस स्टीफन्स यांच्या जीवनातील महत्त्वाचे टप्पे सांगता येतील.
• ‘क्रिस्तपुराण’ ज्या ऐतिहासिक परिस्थितीत निर्माण झाले, ती स्पष्ट करता येईल.
• ख्रिस्ताचा मृत्यू आणि पुनरुत्थान यांना ख्रिस्ती श्रद्धेत असलेला अर्थ विशद करता येईल.
• हा अर्थ मराठी ओवीत मांडताना निर्माण झालेल्या भाषिक व वैचारिक अडचणींची चर्चा करता येईल.

४.१ प्रास्ताविक

मागील घटकात तुम्ही संत एकनाथांच्या वाङ्मयाचा परिचय करून घेतला. एकनाथांचे निधन १५९९मध्ये झाले. त्यांच्या अखेरच्या वीस वर्षांत, पैठणपासून दूर दक्षिणेला, गोव्याच्या साष्टी तालुक्यात एक इंग्रज धर्मगुरू मराठी आणि कोकणी शिकत होता. पुढे त्याने जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे एक पुराण रचले. त्याचा नायक रामही नव्हता आणि कृष्णही नव्हता. रोमन राजवटीत गुन्हेगार ठरवून क्रूसावर खिळला गेलेला आणि तिसऱ्या दिवशी उठला असे त्याचे अनुयायी मानतात, असा येशू ख्रिस्त हा त्या पुराणाचा नायक होता. हा ग्रंथ म्हणजे ‘क्रिस्तपुराण’ आणि त्याचे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स.

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात स्टीफन्स यांचा उल्लेख बहुधा मराठी भाषेच्या स्तुतीसाठी केला जातो. या ग्रंथाच्या आरंभी त्यांनी मराठीचे जे गुणगान केले आहे ते तुम्ही शालेय जीवनात वाचले किंवा ऐकले असेल. परंतु तेवढ्यावर थांबलो तर एक महत्त्वाची गोष्ट दृष्टिआड होते. भाषेची स्तुती करण्यासाठी कोणी अकरा हजार ओव्या रचत नाही. स्टीफन्स यांना काही सांगायचे होते, आणि त्यांच्या श्रद्धेनुसार ते माणसाच्या जीवनमरणाचे होते. ते काय होते, कोणाला सांगायचे होते आणि ते सांगणे इतके अवघड का होते, हे त्यांच्या चरित्राच्या आधारे आपण या घटकात पाहणार आहोत.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ इंग्लंडमधील पूर्वायुष्य

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात झाला. त्यांचे वडील व्यापारी होते. विंचेस्टर येथील प्रसिद्ध शाळेत त्यांचे शिक्षण झाले. तेथे लॅटिन भाषेचा पाया पक्का झाला आणि पुढे भाषांची तुलना करताना या शिक्षणाचा त्यांना मोठा उपयोग झाला.

त्या काळातील इंग्लंडची धार्मिक स्थिती तुम्ही ध्यानात घेतली पाहिजे. राणी एलिझाबेथ पहिली हिच्या राजवटीत रोमन कॅथलिक पंथाचे आचरण करणे गुन्हा ठरत चालले होते. कॅथलिक उपासनेला उपस्थित राहणे, धर्मगुरूंना आश्रय देणे यांसाठी दंड, तुरुंगवास आणि पुढे मृत्युदंडही होऊ लागला. तरुण स्टीफन्स कॅथलिक होते. थॉमस पाउंड नावाच्या एका श्रीमंत कॅथलिक गृहस्थाचा त्यांना स्नेह लाभला. दोघांनी रोमला जाऊन येशूसंघात, म्हणजे जेझुइट संघात, प्रवेश घेण्याचे ठरवले. परंतु निघण्यापूर्वीच पाउंड पकडले गेले आणि त्यांच्या आयुष्याची सुमारे तीस वर्षे निरनिराळ्या तुरुंगांत गेली. स्टीफन्स मात्र निसटले. १५७५मध्ये रोम येथे ते येशूसंघात दाखल झाले. त्याच संघाचे इंग्रज धर्मगुरू एडमंड कँपियन यांना १५८१मध्ये लंडनमध्ये फाशी देण्यात आली.

हा तपशील नीट लक्षात ठेवा. सत्तेने छळलेल्या श्रद्धावंतांचे जिणे स्टीफन्स यांनी जवळून पाहिले होते. आपल्या देवाचे नाव घेतल्याबद्दल माणसाला तुरुंगात जावे लागते, हे त्यांना ठाऊक होते. गोव्यात मात्र त्यांचा धर्म सत्तेच्या बाजूला उभा होता. त्यांच्या जीवनातील हा विरोधाभास पुढील विवेचनात पुन्हा येईल.

४.२.२ गोव्याचा प्रवास

४ एप्रिल १५७९ रोजी स्टीफन्स लिस्बनहून जहाजाने निघाले आणि आफ्रिकेला वळसा घालून २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्याला पोहोचले. सहा महिन्यांहून अधिक काळ चाललेल्या या प्रवासाचे वर्णन त्यांनी १० नोव्हेंबर १५७९च्या पत्रात वडिलांना कळवले. वाऱ्यांच्या दिशा, पूर्व-पश्चिम अंतर मोजण्यातील अडचण, खलाशांच्या हिरड्या सुजवणारा रोग, समुद्रातील मासे आणि पक्षी यांचे त्यांनी बारकाईने निरीक्षण केले होते. हे पत्र पुढे इंग्लंडमध्ये छापले गेले. भारतात येऊन स्थायिक झालेला पहिला ज्ञात इंग्रज म्हणून इतिहासकार स्टीफन्स यांचा उल्लेख करतात. १५८३च्या अखेरीस राल्फ फिच आणि जॉन न्यूबेरी हे इंग्रज व्यापारी कैदी म्हणून गोव्यात आणले गेले, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी स्टीफन्स यांनी साहाय्य केले.

गोव्यात आल्यानंतर त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. पुढील सुमारे चाळीस वर्षांपैकी बहुतेक काळ त्यांनी साष्टी तालुक्यात काढला. (मुंबईजवळील साष्टी बेटाशी या साष्टीची गल्लत करू नये. गोव्यातील मडगाव, राशोल, कुंकळ्ळी ही गावे ज्या दक्षिण भागात येतात, तो हा तालुका.) ते इंग्लंडला परत गेले नाहीत.

४.२.३ साष्टीतील परिस्थिती आणि १५८३ची घटना

पोर्तुगिजांनी १५१०मध्ये गोवा बेट जिंकले आणि १५४३मध्ये साष्टी व बारदेश हे प्रदेश त्यांच्या ताब्यात आले. त्यानंतरच्या काळात या प्रदेशातील हिंदू देवालये पाडण्यात आली. साष्टीतील देवळांचा मोठ्या प्रमाणावर विध्वंस १५६७मध्ये झाला. अनेक कुटुंबांनी आपली दैवते नदीपलीकडे, पोर्तुगीज सत्तेबाहेरच्या मुलखात नेली. आजही फोंडा परिसरात असलेली अनेक देवस्थाने अशी स्थलांतरित आहेत. १५६०मध्ये गोव्यात इन्क्विझिशनचे, म्हणजे धर्मन्यायपीठाचे, कामकाज सुरू झाले. सार्वजनिक हिंदू विधींवर बंदी आली आणि नवख्रिस्ती लोकांनी जुने ग्रंथ वाचणे, ऐकणे निषिद्ध ठरले. कोणी श्रद्धेने, कोणी सवलतींसाठी, तर कोणी भीतीने ख्रिस्ती झाले. चारशेहून अधिक वर्षांनंतर या कारणांची वाटणी करणे कठीण आहे. परंतु बळाचा वापर झाला, ही गोष्ट नाकारता येत नाही.

जुलै १५८३मध्ये कुंकळ्ळी येथे एक भीषण घटना घडली. चर्चसाठी जागा निवडण्याच्या आणि क्रूस उभारण्याच्या हेतूने काही येशूसंघीय तेथे गेले होते. त्यांचे प्रमुख रोदोल्फो अक्वाविवा हे पूर्वी अकबर बादशहाच्या दरबारी गेलेल्या पहिल्या जेझुइट शिष्टमंडळाचे प्रमुख होते. आपली देवळे उद्ध्वस्त झालेली पाहिलेल्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर हल्ला केला. अक्वाविवा यांच्यासह पाच येशूसंघीय आणि त्यांच्या सोबतचे काही ख्रिस्ती लोक मारले गेले. त्यानंतर पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी गावाच्या प्रमुखांना बोलणी करण्याच्या निमित्ताने आसोळणे येथील किल्ल्यात बोलावून ठार केले.

मारले गेलेले धर्मगुरू स्टीफन्स यांचे संघबंधू होते आणि हे सारे त्यांच्या कार्यक्षेत्रात घडले. कॅथलिक चर्चने त्या पाच जणांना हुतात्मे म्हणून गौरवले. कुंकळ्ळीच्या लोकस्मृतीत मात्र किल्ल्यात मारले गेलेले प्रमुख हे स्वातंत्र्यासाठी लढलेले वीर ठरले. दोन्ही बाजूंना मृत्यू होता आणि दोन्ही बाजूंची दुःखे खरी होती. ‘क्रिस्तपुराण’ वाचताना ही भूमी विसरता कामा नये. देवाला मारणाऱ्यांनाही क्षमा मिळते ही कथा येथे सांगायची होती, आणि जेथे सूड दोन्ही बाजूंनी ताजा होता अशा मुलखात ती सांगायची होती.

४.२.४ भाषांचा अभ्यास

त्याच वर्षी, २४ ऑक्टोबर १५८३ रोजी, स्टीफन्स यांनी आपले बंधू रिचर्ड यांना एक पत्र लिहिले. या भागातील भाषांची रचना लॅटिन आणि ग्रीक भाषांशी जुळते, असे निरीक्षण त्यांनी त्यात नोंदवले. संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्या नात्याविषयीचे विल्यम जोन्स यांचे प्रसिद्ध व्याख्यान १७८६मध्ये झाले. त्याच्या दोनशे वर्षे आधी एका मिशनऱ्याने केलेले हे निरीक्षण भाषाविज्ञानाच्या इतिहासात महत्त्वाचे मानले जाते.

स्टीफन्स यांनी कोकणीचे व्याकरण पोर्तुगीज भाषेत लिहिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, दियोगु रिबैरु यांनी घातलेल्या भरीसह, १६४०मध्ये राशोल येथे छापले गेले. ख्रिस्ती तत्त्वांची प्रश्नोत्तररूप कोकणी पुस्तिकाही त्यांनी तयार केली. ती १६२२मध्ये प्रसिद्ध झाली. सामान्य माणसाच्या नित्य शिकवणुकीसाठी त्यांनी कोकणी वापरली आणि काव्यासाठी मराठी निवडली, ही बाब तुम्ही लक्षात घ्यावी. कारण त्या काळी गोव्यात पुराणकथन, कीर्तन आणि ओवी यांची प्रतिष्ठित भाषा मराठी होती. तरीही ती सर्वांना कळावी म्हणून आपण तिच्यात कोकणी रूपे मिसळली आहेत, असे त्यांनी ग्रंथाच्या प्रस्तावनेत स्पष्ट केले आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न १
(अ) स्टीफन्स गोव्याला कोणत्या वर्षी पोहोचले?
(आ) काव्यासाठी त्यांनी मराठी का निवडली? दोन-तीन वाक्यांत लिहा.

४.२.५ ‘क्रिस्तपुराणा’ची निर्मिती

ग्रंथाच्या आरंभी स्टीफन्स यांनी रचनेचे निमित्त सांगितले आहे. साष्टीतील एका चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण दिले जात असताना एक नवख्रिस्ती ब्राह्मण पुढे येतो. शिकवणूक चांगली आहे, परंतु आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केली, मग त्यांच्या जागी आम्हाला दुसरे पुराण का देत नाही, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. स्टीफन्स यांनी हा प्रश्न टाळला नाही. पुराण काढून घेतल्यावर माणसाजवळ एक पोकळी उरते आणि नुसती प्रश्नोत्तरे पाठ करून ती भरत नाही, हे त्यांनी ओळखले. या प्रसंगात ग्रंथाची प्रेरणा आहे, तशीच त्याची वेदनाही आहे. मागणी करणारा माणूस आपल्या जुन्या कथेच्या जागी नवी कथा मागत होता, कारण जुनी त्याला ऐकता येत नव्हती.

ग्रंथाचे दोन भाग आहेत. ‘पहिले पुराण’ ३६ अवस्वरूंचे, म्हणजे सर्गांचे, असून त्यात विश्वाची उत्पत्ती, आदाम आणि एवा यांचे पतन, नोहा, अब्राहाम, मोशे, दावीद यांच्या कथा व तारणाऱ्याची प्रतीक्षा यांचे वर्णन आहे. ‘दुसरे पुराण’ ५९ अवस्वरूंचे असून त्यात ख्रिस्ताचा जन्म, शिकवण, दुःखसहन, मृत्यू, पुनरुत्थान आणि स्वर्गारोहण येते.

हा ग्रंथ धर्मपीठाच्या परवानग्या मिळाल्यानंतर १६१६मध्ये राशोल येथे छापला गेला. गोव्यात छापखाना १५५६मध्येच आला होता, परंतु देवनागरीचे खिळे नव्हते. म्हणून मराठी काव्य रोमन लिपीत छापावे लागले. या देशाच्या लिपीत ग्रंथ छापले जावेत ही इच्छा स्टीफन्स यांनी १६०८मध्ये आपल्या संघाच्या प्रमुखांना पत्राने कळवली होती. युरोपीय लिपीला दोन डझन अक्षरांचे साचे पुरतात; येथे मात्र जोडाक्षरे व स्वरचिन्हे यांमुळे सुमारे सहाशे साचे लागतील, ही अडचणही त्यांनी मांडली होती. त्यांच्या हयातीत ती इच्छा पूर्ण झाली नाही.

४.२.६ मृत्यू आणि पुनरुत्थान : श्रद्धेचा गाभा

आता आपण ग्रंथाच्या मध्यवर्ती आशयाकडे वळू. तुमच्यापैकी काही जण ख्रिस्ती असतील, बहुतेक नसतील. येथे अपेक्षा श्रद्धेची नसून समजून घेण्याची आहे. ख्रिस्ती माणसाला या कथेत काय दिसते, हे कळल्याशिवाय ‘क्रिस्तपुराणा’ची रचनाच उलगडत नाही.

प्रथम पाप या कल्पनेचा विचार करू. ख्रिस्ती विचारानुसार पाप म्हणजे केवळ एखादे वाईट कृत्य नव्हे. तो देव आणि माणूस यांच्या नात्यातील दुरावा होय. आदामाने आज्ञा मोडली, तेव्हा हा दुरावा निर्माण झाला आणि त्याच्याबरोबर मृत्यूही जगात आला. माणसाने कितीही पुण्य केले, तरी तुटलेले नाते तो आपल्या बाजूने सांधू शकत नाही, कारण ज्याच्याविरुद्ध अपराध झाला तो अनंत आहे आणि अपराधी मर्यादित आहे. ‘पहिले पुराण’ हा प्रश्न उभा करते. मोशे नियम देतो, संदेष्टे इशारे देतात, राजे येतात आणि जातात, परंतु दुरावा मिटत नाही.

‘दुसरे पुराण’ त्याचे उत्तर देते. ख्रिस्ती श्रद्धेनुसार देव स्वतः माणूस होऊन ही खोडी भरून काढतो. तो माणूस आहे म्हणून माणसांच्या वतीने उभा राहू शकतो; तो देव आहे म्हणून त्याचे अर्पण पुरे पडते. यहुदी लोक वल्हांडण सणात कोकराचा बळी देत आणि मिसर देशातील गुलामगिरीतून झालेली सुटका आठवत. ख्रिस्ताला त्याच सणाच्या दिवसांत मारण्यात आले. म्हणून ख्रिस्ती परंपरेने त्याला देवाचे कोकरू म्हटले. येथे एक बारकावा आहे. इतर यज्ञांत माणूस देवाला काही अर्पण करतो. या बलिदानात देव माणसासाठी स्वतःला अर्पण करतो. यज्ञाची दिशाच उलट होते.

क्रूस ही रोमन साम्राज्यातील सर्वांत अपमानास्पद शिक्षा होती. ती प्रामुख्याने गुलामांना आणि बंडखोरांना दिली जाई. शुभवर्तमानांतील कथेत ख्रिस्ताचा एक शिष्य त्याला धरून देतो, दुसरा त्याला ओळखत नसल्याचे सांगतो, बाकीचे पळून जातात. न्यायाधीशाला त्याच्यात अपराध दिसत नाही, तरी तो गर्दीला घाबरून शिक्षा फर्मावतो. दोन गुन्हेगारांच्या मध्ये त्याला खिळले जाते आणि तेथूनही तो मारणाऱ्यांसाठी क्षमा मागतो. ज्याला छळ सोसावा लागतो त्याला या कथेत असे आश्वासन दिसते की, देव दुःखाच्या बाहेर उभा राहून पाहत नाही. तो दुःखाच्या आत आलेला आहे.

परंतु मृत्यूवर कथा संपली असती, तर ती एका सज्जनाच्या शोकांतिकेची कथा ठरली असती. तिसऱ्या दिवशी पहाटे काही स्त्रिया कबरेकडे जातात आणि ती रिकामी आढळते. नंतर ख्रिस्त मग्दालिया मरियेला, शिष्यांना, अम्माऊसच्या वाटेवरील दोघांना दिसतो. संत पौलाने आपल्या एका पत्रात या घटनेवर सारी श्रद्धा टांगली आहे : ख्रिस्त उठला नसेल तर ख्रिस्ती विश्वास फोल आहे, असा त्याच्या प्रतिपादनाचा आशय आहे. पुनरुत्थानाने ख्रिस्ती माणसाला तीन गोष्टींची खात्री वाटते. बलिदान स्वीकारले गेले; मृत्यू हा शेवट नाही; आणि जो त्याच्याशी एकरूप होतो, त्यालाही हे जीवन मिळणार आहे. एका माणसाच्या अवज्ञेने मृत्यू आला, दुसऱ्याच्या आज्ञापालनाने जीवन आले, ही जोडणी ‘क्रिस्तपुराणा’च्या दोन भागांना एकत्र बांधते. म्हणूनच ख्रिस्ताची कथा सांगण्यासाठी स्टीफन्स यांनी सृष्टीच्या उत्पत्तीपासून प्रारंभ केला.

४.२.७ मराठीत सांगताना

हा आशय मराठी श्रोत्यांसमोर मांडणे सोपे नव्हते. त्यातील तीन अडचणी आपण क्रमाने पाहू.

पहिली अडचण देवाच्या मरणाची आहे. पुराणांत अवतारसमाप्ती येते. भागवत परंपरेत कृष्ण प्रभासक्षेत्री व्याधाच्या बाणाचे निमित्त करून निजधामाला जातो. परंतु तेथे मृत्यू हा लीलेचा उपसंहार असतो. तारणाचे कार्य त्याआधी, दुष्टसंहारातून आणि उपदेशातून, झालेले असते. ख्रिस्तकथेत तारण मृत्यूतच घडते. नायक शत्रूला मारत नाही. शत्रूच्या हातून मरतो आणि तोच त्याचा विजय ठरतो. वीररसाला सरावलेल्या श्रोत्याला हे उलटे वाटणे स्वाभाविक होते. सैतान, पाप आणि मृत्यू हे या युद्धातील खरे शत्रू आहेत, असे मानले म्हणजे हे युद्ध समजते.

दुसरी अडचण पुनरुत्थानाची. पुनर्जन्म मानणाऱ्या समाजात परत जिवंत होणे ही कल्पना चटकन समजेल, पण चुकीची समजेल. पुनर्जन्मात जीव दुसऱ्या देहात जातो आणि पुन्हा मरतो. पुनरुत्थानात तोच देह, जखमांच्या खुणांसह, पण मृत्यूच्या पलीकडच्या अवस्थेत उठतो आणि पुन्हा मरत नाही. चक्र फिरत राहत नाही. ते एकदाच आणि कायमचे भेदले जाते. शिष्यांपैकी थॉमसने जखमांना हात लावल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही असे म्हटले होते. हाच थॉमस भारतात आला, अशी येथील प्राचीन ख्रिस्ती परंपरा आहे. पुराणकाराचे नावही तेच असावे, हा एक लक्षणीय योगायोग होय.

तिसरी अडचण शब्दांची. स्टीफन्स यांनी वैकुंठ, मुक्ती, पाप, पुण्य, स्वामी असे श्रोत्यांच्या ओठांवरचे शब्द घेतले आणि काही संज्ञा मात्र लॅटिन व पोर्तुगीज भाषांतून तशाच ठेवल्या. जुना शब्द घेतला तर त्याच्यासोबत जुना अर्थ येतो. परका शब्द ठेवला तर अर्थच येत नाही. वैकुंठ म्हटल्यावर श्रोत्याच्या मनात विष्णू उभा राहील, हे त्यांना ठाऊक असणारच. तरीही त्यांनी तो शब्द स्वीकारला, कारण परमसुखाची ओढ त्या शब्दात आधीपासून भरलेली होती. भाषांतर म्हणजे शब्दांची अदलाबदल नव्हे, हे तुम्हाला यावरून ध्यानात येईल.

या तिन्हींच्या मुळाशी आणखी एक अडचण आहे आणि ती भाषेने सुटणारी नव्हती. कथेतला क्रूस हा सत्तेने निरपराध माणसाला मारण्याचे साधन आहे. साष्टीतला क्रूस सत्तेच्या संरक्षणाखाली, पाडलेल्या देवळांच्या मुलखात उभा राहत होता. इंग्लंडमध्ये स्टीफन्स यांचे सहधर्मी पहिल्या क्रूसाखाली होते. गोव्यात ते स्वतः दुसऱ्या क्रूसाच्या बाजूला होते. पोर्तुगीज धोरणाला त्यांनी विरोध केला, असे म्हणता येत नाही. मूर्तिपूजेचे खंडन त्यांच्या ग्रंथातही आहे. मात्र त्यांनी श्रोत्यांची भाषा, त्यांचा छंद आणि त्यांचा प्रश्न विचारण्याचा हक्क यांचा आदर केला. त्यांनी पोर्तुगीज शिकण्याची सक्ती करण्याऐवजी स्वतः मराठी शिकण्याचे कष्ट घेतले. इतिहासाचा अभ्यास करताना या दोन्ही गोष्टी एकत्र धरून ठेवाव्या लागतात. एकीने दुसरी पुसली जात नाही.

स्वयं-अध्ययन प्रश्न २
(अ) पुनर्जन्म आणि पुनरुत्थान यांतील दोन भेद लिहा.
(आ) ‘पहिले पुराण’ आणि ‘दुसरे पुराण’ यांच्यातील आशयाचा संबंध स्पष्ट करा.

४.२.८ अखेर आणि ग्रंथाचे पुढील आयुष्य

फादर स्टीफन्स यांचे १६१९मध्ये गोव्यात निधन झाले. तेव्हा त्यांचे वय सत्तरीच्या आसपास होते. त्यांच्या पुराणाच्या पुढील आवृत्त्या १६४९ आणि १६५४मध्ये निघाल्या. त्यांच्या मार्गाने जाणारी इतर ख्रिस्ती पुराणेही सतराव्या शतकात रचली गेली. फ्रेंच येशूसंघीय एतिएन द ला क्रुआ यांचे संत पेत्रावरील पुराण त्यांपैकी एक होय. परंतु १६८४मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेचा वापर बंद करून पोर्तुगीज लादण्याचा हुकूम काढला. ज्या सत्तेच्या आश्रयाने हा ग्रंथ जन्मला, तिनेच त्याच्या भाषेकडे पाठ फिरवली. आज त्या तिन्ही छापील आवृत्त्यांपैकी एकही प्रत उपलब्ध नाही.

तरीही ग्रंथ टिकला. लोकांनी तो हाताने उतरून घेतला. गोव्यातून कानडा किनाऱ्यावर, मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हस्तलिखिते सोबत नेली आणि घरोघरी त्याचे गायन चालू ठेवले. १७८४मध्ये टिपू सुलतानाने तेथील ख्रिस्ती समाजाला बंदिवासात श्रीरंगपट्टणला नेले, तेव्हा या ओव्यांनी त्यांना धीर दिला, असे त्या समाजाची परंपरा सांगते. ही बाब विचार करण्यासारखी आहे. सत्तेच्या छायेत लिहिलेली दुःखसहनाची कथा सत्ता नसलेल्या माणसांच्या हाती आली, तेव्हा तिला तिचे मूळ स्थान पुन्हा मिळाले.

मंगळूर येथे १९०७मध्ये जोसेफ सालढाणा यांनी हस्तलिखितांच्या आधारे रोमन लिपीत ग्रंथाचे संपादन केले. पुढे लंडनमधील मार्सडेन संग्रहात देवनागरी हस्तलिखित असल्याचे जस्टिन अ‍ॅबट यांनी अभ्यासकांच्या निदर्शनास आणले. १९५६मध्ये शांताराम बंडेलू यांनी देवनागरीत आवृत्ती प्रसिद्ध केली. १६०८मध्ये कळवलेली इच्छा अशा रीतीने साडेतीनशे वर्षांनी पूर्ण झाली.

४.३ सारांश

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमधील छळाच्या वातावरणातून आलेले येशूसंघीय धर्मगुरू होते. १५७९ ते १६१९ या काळात गोव्यात राहून त्यांनी कोकणी व मराठी आत्मसात केली. नवख्रिस्ती श्रोत्यांच्या मागणीतून त्यांनी ‘क्रिस्तपुराण’ रचले. आदामाच्या पतनाने निर्माण झालेला देव-मानवांतील दुरावा ख्रिस्ताच्या मृत्यूने मिटतो आणि पुनरुत्थानाने मृत्यूवर विजय मिळतो, हा त्याचा गाभा आहे. देवाचे मरण, देहासह उठणे आणि संज्ञांची निवड या तिन्ही बाबतींत त्यांना मराठी परंपरेशी संवाद साधावा लागला. त्यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना वसाहतकालीन बळजबरी आणि त्यांची भाषानिष्ठा या दोहोंचा एकत्र विचार करणे आवश्यक आहे.

४.४ शब्दार्थ

अवस्वरू : ‘क्रिस्तपुराणा’तील सर्ग किंवा अध्याय.
येशूसंघ : १५४०मध्ये मान्यता मिळालेला कॅथलिक धर्मगुरूंचा संघ, जेझुइट.
वल्हांडण : मिसर देशातील गुलामगिरीतून झालेल्या सुटकेचे स्मरण करणारा यहुदी सण.
शुभवर्तमान : ख्रिस्ताचे जीवन सांगणारा बायबलमधील ग्रंथ. असे चार आहेत.
इन्क्विझिशन : धर्मविरोधी ठरवलेल्या आचारविचारांची चौकशी करून शिक्षा देणारे चर्चचे न्यायपीठ.

४.५ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘क्रिस्तपुराणा’च्या निर्मितीमागील ऐतिहासिक परिस्थितीचे विवेचन करा.
२. ख्रिस्ती श्रद्धेत ख्रिस्ताच्या मृत्यूचा व पुनरुत्थानाचा अर्थ कोणता, ते स्वतःच्या शब्दांत लिहा.
३. स्टीफन्स यांनी वैकुंठ, मुक्ती यांसारखे शब्द स्वीकारल्याने कोणते लाभ झाले आणि कोणत्या अडचणी आल्या, याची चर्चा करा.

क्षेत्रीय कार्य : तुमच्या परिसरात गुड फ्रायडे किंवा ईस्टर पाळणारे कुटुंब असल्यास, त्यांची अनुमती घेऊन त्या दिवसांत म्हटली जाणारी मराठी वा कोकणी गीते ऐका. त्यांतील कोणते शब्द जुन्या भक्तिपरंपरेतून आले आहेत आणि कोणते परभाषेतून आले आहेत, यांची नोंद तुमच्या स्वाध्यायवहीत करा.